दारफळणीचा सण : उपवास, कबुली आणि माफी

समर्थक : योम किप्पूर हा ज्यू धर्मीयांच्या वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीला तो येतो. आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या थोडे आधी उपवास सुरू होतो आणि दुसऱ्या रात्री तारे दिसू लागल्यावर सुटतो, म्हणजे सुमारे २५ तास अन्नही नाही आणि पाणीही नाही. स्नान, अंगाला तेल लावणे, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंध हेही वर्ज्य असते. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या लेवीय या भागात या दिवसाची आज्ञा आहे. महाराष्ट्रात हा दिवस पाळला जातो तो मुख्यतः बेने इस्रायल समाजात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी या समाजाची परंपरा सांगते. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या कुटुंबांत योम किप्पूरला दारफळणीचा सण म्हणत. आदल्या संध्याकाळी स्नान करून पांढरी वस्त्रे नेसायची, दारे लावून घ्यायची, दिवसभर कोरडा उपवास करायचा आणि इतर जातीधर्मांच्या माणसांशी संपर्क टाळायचा, अशी रीत होती. दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दानधर्म होई, गाठीभेटी होत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात या चालीरीती नोंदलेल्या आहेत. पोट, शरीर आणि व्यवहार हे तिन्ही एका दिवसासाठी थांबवून माणसाने स्वतःच्या वागण्याचा झाडा घ्यावा, ही या दिवसामागची कल्पना आहे.

शंकाकार : जुन्नर-आंबेगावच्या माणसाला उपवासाचे नवल सांगण्यात अर्थ नाही. आषाढी-कार्तिकी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्रीला भीमाशंकरची वाट, हरतालिकेचा निर्जळी उपवास आणि जुन्नर शहरातले रमजानचे रोजे, असा या दोन तालुक्यांचा वर्षभराचा क्रम आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे इथल्याच माणसांनी स्वतःला हसून म्हटलेले आहे. न खाणे ही एक गोष्ट आणि पश्चात्ताप ही दुसरी, हे त्यांना ठाऊक आहे. कोकणातल्या दारफळणीबद्दलही हाच प्रश्न पडतो. अठराव्या शतकापर्यंत या कुटुंबांकडे तोराच्या गुंडाळ्या नव्हत्या, प्रार्थनेची पुस्तके नव्हती. ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी टिकली होती, तीच प्रत्येक विधीत म्हटली जाई. कबुलीचा पाठच नसेल, तर कबुली कशाची दिली जात होती? पांढरी वस्त्रे, स्नान आणि परक्याचा स्पर्श टाळणे ही तर आसपासच्या सोवळ्याचीच लक्षणे. शिवाय या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशीही समजूत होती. म्हणजे हा दिवस थोडा सोवळ्याचा आणि थोडा पितरांचा ठरतो. पश्चात्तापाचा अर्थ नंतर आलेल्या शिक्षकांनी त्यावर चढवला, असे म्हटले तर काय चुकले?

समर्थक : त्यातला अर्धा भाग मान्य करायला हरकत नाही. आजूबाजूच्या चालीरीतींचा रंग या सणावर चढला होता. पण रंग चढायला आधी भिंत उभी असावी लागते. ग्रंथ नसलेल्या समाजाने नेमकी हीच तिथी आणि नेमका कोरडा उपवास टिकवला, ही बाब लहान नाही. तिश्रीची दहावी तिथी शुद्ध पक्षातल्या दशमीच्या आसपास येते. २०२४ मध्ये योम किप्पूर १२ ऑक्टोबरला आला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. दोन्ही वर्षी तो दसऱ्याच्याच दिवशी होता. २०२३ मध्ये मात्र योम किप्पूर २५ सप्टेंबरला झाला आणि दसरा २४ ऑक्टोबरला, कारण त्या वर्षी मराठी पंचांगात अधिक श्रावण येऊन गेला होता आणि हिब्रू पंचांगातला अधिक महिना पुढच्या वसंताआधी यायचा होता. शेजाऱ्यांचे महिनेही चंद्राचेच, म्हणून तिथीचा हिशेब या समाजाला परका वाटला नसणार. तरीही गावात सीमोल्लंघनाची धामधूम असताना आपल्या घराचे दार लावून घेण्याची पाळी अनेकदा आली असणार, आणि त्याला निग्रह लागतो. शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ज्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले, त्यांच्या निग्रहाचा पुरावा त्या नावातच आहे. विधीचे शब्द हरवून चौकट उरणे ज्यू इतिहासात याआधीही घडले आहे. जेरुसलेमच्या मंदिरात या दिवशी दोन बोकडांचा विधी होई. एकाचा बळी दिला जाई, तर दुसऱ्याच्या माथी सगळ्यांची पापे घालून त्याला रानात सोडले जाई. इसवी सन ७० मध्ये मंदिर पडले आणि विधी संपला. दिवस मात्र उरला आणि त्याच्या चौकटीत प्रार्थना आली. कोकणात चौकट आधी टिकली आणि प्रार्थना मागून आली, एवढाच फरक.

शंकाकार : या युक्तिवादाने सिद्ध होते ते समाजाचे टिकणे. आपण कोण आहोत हे विसरू नये म्हणून उपवास उपयोगी पडला, हे खरेच. पण ओळख टिकवणारा उपवास आपल्या माणसांना एकत्र बांधतो आणि परक्यांना बाहेर ठेवतो, तर पश्चात्तापाला याच्या अगदी उलट दिशेने जावे लागते, आपल्याच माणसांच्या वागण्याकडे बोट दाखवावे लागते. पुढे शब्द आले तेव्हा काय झाले तेही पाहावे. कोचीनच्या ज्यूंनी शिकवले, मागाहून बगदादी ज्यूंची साथ मिळाली. मुंबईत सॅम्युएल इझेकियल दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सभास्थान बांधले. अलिबाग, पनवेल, ठाणे इथे एकोणिसाव्या शतकात सभास्थाने उभी राहिली आणि पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ मध्ये सुक्कथ शेलोमो झाले. जोसेफ इझेकियल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पण त्या प्रार्थनांतली कबुली छापील आहे. हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने पापांची यादी येते आणि सगळे जण ती एका सुरात म्हणतात. ज्याने चोरी केलेली नाही, तोही आम्ही चोरी केली असे म्हणतो. ज्याने खरोखर केली, त्याला त्या गर्दीत लपायला जागा मिळते. ही कबुली म्हणायची की पाठांतर?

समर्थक : या दिवसाच्या पाच प्रार्थनांचा क्रम पाहिला तर या आक्षेपाचे उत्तर त्यातच सापडते. पूर्वसंध्येला ‘कोल निद्रे’ म्हटले जाते. त्यात माणसाने देवापुढे घेतलेली आणि न पाळता आलेली व्रते रद्द होतात. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द त्यातून सुटत नाही, असे धर्मशास्त्र बजावते. सकाळी यशया संदेष्ट्याचा उतारा वाचतात, आणि तो उपवासावरची टीकाच आहे. उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवणारे आणि भांडणे करणारे लोक त्यात झोडपले जातात. भुकेल्याला अन्न द्या, जुलमाच्या गाठी सोडा, हाच खरा उपवास, असे तिथे सांगितले आहे. दुपारी योनाचे पुस्तक वाचतात. त्यात निनवे नावाचे शहर उपवास करते, गोणपाट नेसते आणि वाचते. जुन्या आचार्यांनी याबाबत दाखवून दिले, की देवाने त्या लोकांचा उपवास किंवा गोणपाट पाहिल्याचा उल्लेख तिथे नाही, त्यांनी वाईट मार्ग सोडल्याचे पाहिले एवढेच म्हटले आहे. शेवटी सूर्य कलल्यावर ‘नेईला’ ही समाप्तीची प्रार्थना होते आणि मेंढ्याच्या शिंगाच्या नादाने दिवस संपतो. शंकाकार जो आक्षेप बाहेरून घेतो, तो या परंपरेने उपवासाच्या ऐन मध्यावर स्वतःच वाचायला ठेवला आहे. कबुली अनेकवचनी आहे तिलाही कारण आहे. सगळ्यांनीच सगळे म्हटल्यामुळे खऱ्या गुन्हेगाराला चारचौघांत नागवे न होता आपले पाप उच्चारता येते. आणि ज्याने चोरी केली नाही, त्याला आपल्या वस्तीत चोरी होते तेव्हा आपण काय केले, हा प्रश्न टाळता येत नाही.

शंकाकार : यशयाचे वाचन ही प्रामाणिकपणाची खूण आहे, हे मान्य. पण त्यामुळे अडचण सुटत नाही, उलट ती अधिक उघडी पडते. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहातला प्रसिद्ध नियम असा, की माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचे क्षालन योम किप्पूर करतो, माणसा-माणसांतल्या अपराधांचे क्षालन मात्र समोरच्याची मनधरणी केल्याशिवाय होत नाही. ज्याने शेजाऱ्याचा बांध कोरला, त्याने २५ तास पाण्याचा थेंब घेतला नाही तरी बांध जागेवर येत नाही. मग उपवास करतो काय? ज्या अपराधांनी गावे जळतात, तिथे तो स्वतःच हात वर करतो. माफी मागण्याच्या याहून सरळ पद्धती या भागातच आहेत. मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या जैन कुटुंबांत पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरीला, एकमेकांची क्षमा मागतात. त्याहून जुनी रीत जुन्नरच्या डोंगरांतली. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू पावसाळा काढत. वर्षावास संपला की विनय या भिक्षूंच्या नियमांप्रमाणे पवारणा होई. प्रत्येक भिक्षू संघापुढे बसून विनंती करी, की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर सांगा. आपल्या पापांची यादी आपणच वाचण्यापेक्षा दुसऱ्याला ती करायला सांगणे अधिक अवघड आणि अधिक खरे. तिथे दार लावून घ्यावे लागत नाही.

समर्थक : पवारणेची तुलना योग्य आहे, पण ती अर्ध्यावर सोडता येणार नाही. ज्यू परंपरेतही दार लागण्याआधी मोठा काळ मोकळा ठेवलेला आहे. नववर्षाच्या दिवसापासून योम किप्पूरपर्यंतचे दहा दिवस याच कामासाठी असतात. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिदीस यांनी नियम घालून दिले. लुबाडलेले परत करायचे, मग क्षमा मागायची. समोरच्याने नकार दिला तर तीन माणसे सोबत घेऊन जायचे, आणि असे तीनदा करायचे. ज्याचा अपराध केला तो मेला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी उभे राहायचे आणि कबुली द्यायची. उपवासाचे काम या सगळ्याला मुदत घालण्याचे आहे. व्यापाऱ्याला वर्षअखेर वही बंद करावी लागते म्हणून थकलेली उधारी आठवते, तसेच हे. तारीख नसेल तर माफी उद्यावर जाते. उपवासाचा आणखी एक गुण त्याच्या सक्तीत आहे. पुण्याने विसाव्या शतकात मोठे उपवास पाहिले. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात केलेल्या उपवासाने इतरांवर दबाव आला आणि पुणे करार झाला. मे १९३३ मधला २१ दिवसांचा उपवास त्यांनी आत्मशुद्धीसाठी केला. तरी उपवास करणारा मोठा असला की बाकीच्यांवर भार पडतोच. योम किप्पूरचा उपवास सगळ्यांचा असतो. त्यातून कुणी महात्मा होत नाही आणि कुणाला वाकवतही नाही.

शंकाकार : सक्ती आणि तारीख या दोन्ही गोष्टींना दुसरी बाजू आहे. तारीख ठरली, की वर्षभर वागायचे तसे वागून त्या दिवशी धुऊन घेता येते. आणि सक्ती म्हटली, की आजारी माणूस, गरोदर बाई, हातावर पोट असलेला घाणेवाला यांच्यावरही तीच. ज्याला रोजच एक वेळ जेवायला मिळते, त्याला उपवासाची शिकवण देणे क्रूरपणाच आहे.

समर्थक : पहिल्या शंकेला मिश्नेतच उत्तर आहे. पाप करीन आणि योम किप्पूर ते धुऊन काढील, असे म्हणणाऱ्याचे पाप योम किप्पूर धूत नाही. दुसऱ्या शंकेबाबत शास्त्र कठोर नाही. जीव वाचवणे हे या उपवासापेक्षा श्रेष्ठ कर्तव्य मानले आहे. वैद्याने खायला सांगितले, किंवा रोगी स्वतः मला गरज आहे म्हणाला, तरी त्याला खायला द्यायचे. गरज थोड्या अन्नाने भागत असेल तर थांबून थांबून थोडे थोडे द्यायचे. लहान मुलांना उपवास नाही. धोका असताना हट्टाने उपाशी राहणे, हाच तिथे दोष ठरतो. गरिबीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. त्याचे उत्तर उपवासात नाही. कोकणातल्या प्रथेने ते शिळ्या सणाच्या दानात शोधले.

शंकाकार : शिळ्या सणाचा उल्लेख झाला ते बरे, कारण खरी गाठ तिथेच आहे. ग्रंथाप्रमाणे माणसांची माफी आधी आणि देवापुढचा उपवास नंतर. कोकणातल्या जुन्या रीतीत दार आधी लागते आणि गाठीभेटी दुसऱ्या दिवशी होतात. आणि दार लागते ते कुणावर? तेल घेणारा शेजारी, उधार देणारा वाणी, शेतावरचा मजूर हे सगळे दाराबाहेर. ज्यांच्याशी वर्षभर व्यवहार आणि म्हणून अपराधही घडायचे, तेच या दिवशी टाळायचे. घरातही तसेच. बेने इस्रायल समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. बाहेरच्या जातीतल्या आईची संतती म्हणून ज्यांना काळे ठरवले, त्यांच्याशी गोऱ्यांचे लग्नसंबंध होत नसत. सभास्थाने झाली, मराठीत प्रार्थना आल्या, आम्ही अपराध केला हे एका सुरात म्हटले जाऊ लागले, तरी तो भेद लगेच गेला नाही. पुढे फासा उलटला. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख रब्बिनेटने, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू मंडळाने, लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. आंदोलन झाले, संसदेला लक्ष घालावे लागले आणि १९६४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. त्या दोन्ही वर्षी, दोन्ही बाजूंनी योम किप्पूरचा उपवास पाळलाच असणार.

समर्थक : यातला शेवटचा मुद्दा उडवून लावता येण्यासारखा नाही. क्रमाबद्दल एवढे म्हणता येईल, की ग्रंथाची वाट आणि कोकणची वाट या एकमेकींना पूरक ठरू शकतात. माफी मागून उपवासाला बसणे योग्यच, पण दिवसभर उपाशी बसल्यावर ज्याची आठवण झाली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाणेही वाया जात नाही. काळे-गोरे आणि १९६२ यांच्याबाबत मात्र परंपरेतली एक फट मान्य करावी लागते. या दिवसाची कबुली अनेकवचनी आहे, माफी मात्र एकवचनी. ‘आम्ही’ चुकलो असे सगळे म्हणतात, पण मायमोनिदीसच्या नियमाप्रमाणे क्षमा मागायला जायचे असते ते एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे. जो अन्याय एका माणसाने केलेला नसून सगळ्यांच्या सवयीने, रूढीने किंवा कार्यालयाच्या कागदाने केलेला असतो, तो कबुलीत येतो आणि माफीच्या वेळी कुणाच्याच वाट्याला येत नाही. १९६४ मध्ये अट बदलली गेली, म्हणजे वाईट मार्ग सोडला गेला. निनवेच्या कसोटीवर ते उतरते. मिश्नेच्या कसोटीवर, म्हणजे दुखावलेल्याची मनधरणी करण्याच्या कसोटीवर, उतरेलच असे म्हणता येत नाही.

शंकाकार : ही फट ज्यूंपुरती नाही. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते गावच त्या पाण्याखाली गेले. डोंगराकडच्या महादेव कोळी आणि इतर कुटुंबांनी जमिनी गमावल्या, आणि पाणी खालच्या अंगाच्या शेतांना मिळाले. खालच्या शेतकऱ्याने कुणाची जमीन चोरलेली नाही. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे काम केले. मग माफी कुणी मागायची आणि कुणाकडे जायचे? थडग्यापाशी उभे राहायचा नियमही इथे लागू पडत नाही, कारण जागाच पाण्याखाली आहे. पवारणासुद्धा इथे अपुरी पडते, कारण भिक्षू विचारतो तो आपल्या संघाला, आणि ज्यांचे गेले ते संघाबाहेरचे असतात. संवत्सरीची क्षमाही ओळखीच्याच माणसांत फिरते. मग कितीही दारे उघडली तरी हा अपराध दारात येत नाही.

समर्थक : तरीही त्यावरून उपवास निरर्थक ठरत नाही, त्याची हद्द ठरते. एकट्याच्या अपराधाला तो मुदत घालतो आणि शरीराला त्याची आठवण देतो. अनेकांच्या अपराधापुढे तो एवढेच करू शकतो, की ज्याला आपले हात स्वच्छ वाटतात, त्यालाही ‘आम्ही’ म्हणायला लावतो. डिंभ्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला ‘मी’ काही केले नाही असे म्हणता येते. ‘आम्ही’ काही केले नाही असे म्हणणे त्याला जड जाईल. भरपाई, पुनर्वसन, नियमातला बदल हे पुढचे काम उपवासाचे नाही, ते ग्रामसभेचे, न्यायालयाचे आणि सरकारचे. पण ‘आम्ही’ हा शब्द कुणी आधी उच्चारला नाही, तर त्या कामाला हात घालायला तरी कोण येणार?

शंकाकार : आणि तो उच्चारला म्हणून कुणी येईलच याची हमी नाही. आज भारतात बेने इस्रायल काही हजारच उरले आहेत. कोकणातल्या काही सभास्थानांत सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवणेही अवघड जाते. इस्रायलमध्ये योम किप्पूरच्या दिवशी रस्ते ओस पडतात आणि दुकाने बंद असतात. संख्या कितीही असो, ‘आम्ही’मध्ये कोण कोण येते हा प्रश्न दोन्हीकडे तोच राहतो. काळा म्हणून बाजूला ठेवलेला माणूस त्या शब्दात येतो का, दारावरून परत गेलेला शेजारी येतो का, आणि ते त्यात येत नसतील तर त्यांच्यापुढे कबुली कोण देणार? उपवास पाळणाऱ्याने आणि न पाळणाऱ्यानेही या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. पाळणाऱ्यावर एवढा जादा भार आहे, की वर्षातून एकदा त्याला तो प्रश्न मोठ्याने वाचावा लागतो.